पलंगाखालची गुंतवणूक

४ फेब्रुवारी

भावजी,

पत्र पाहून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. फोनवर माझ्या तोंडून 'पैसे' हा शब्द निघाला की तुमच्या फोनची रेंज जाते. असं तीनदा झालं, म्हणून आता कागद. कागदाला रेंज लागत नाही.

गोष्ट अशी की घरमालक इमारत विकतो आहे. सव्वीस वर्षं तुमचे दादा आणि मी ज्या दोन खोल्यांत राहिलो, त्या बाहेरच्याला विकण्याआधी मला विचारावं एवढी माणुसकी त्याने दाखवली. तीस एप्रिलपर्यंत मुदत आहे. भाव वाजवी आहे, आणि जवळजवळ तेवढाच पैसा तुमच्याकडे आहे. तीन वर्षांपूर्वी दादा गेल्यावर त्यांच्या फंडाचे पैसे तुम्ही माझ्याकडून घेतलेत, तेव्हा म्हणाला होतात, "वहिनी, ही माझ्याजवळ तुमची ठेव. मध्यरात्री मागा, देतो." मी मध्यरात्री मागत नाही. भर दुपारी, जेवण झाल्यावर, शांत डोक्याने मागते आहे.

या खोल्या गेल्या तर शाळेच्या पेन्शनीत मला या गावात खोली सोडा, खोलीची खिडकीही परवडायची नाही. तेव्हा जी काही योजना असेल ती मोडा. "निसर्गाशी जोडलेली योजना आहे" एवढंच तुम्ही त्या वेळी सांगितलं होतंत. मी समजले झाडंबिडं असतील. असतील तर तोडा.

माझ्या धाकट्या जाऊबाईला आशीर्वाद सांगा.

तुमची वहिनी

११ फेब्रुवारी

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून करमणूक झाली. झाडं नव्हेत, वहिनी. झाडाचं फळ, आणि फळाचाही रस. तुमचे पैसे वाईनमध्ये आहेत.

दचकू नका. पिण्यासाठी नव्हे. आपल्या घराण्यात कोणी थेंबालाही शिवलेलं नाही, आणि म्हणूनच हा धंदा खास आपल्यासाठी आहे. जो पितो त्याची गुंतवणूक पोटात जाते. जगातल्या नामांकित मळ्यांत चांगल्या वर्षी मोजक्याच बाटल्या तयार होतात. त्यातल्या काही श्रीमंत लोक दरवर्षी पिऊन टाकतात. उरलेल्या दुर्मिळ होतात आणि भाव चढतो. म्हणजे लोक पितात आणि पैसा आपला वाढतो. बँकेतला पैसा नुसता झोपतो. हा आडवा पडून पिकतो. कंपनीच्या साहेबांनी मला सगळं आलेख काढून समजावलं होतं. टाय लावलेला, अतिशय सुसंस्कृत माणूस.

एप्रिलच्या मध्यावर भाव सर्वांत वर असेल. आत्ता मोडणं म्हणजे कैरी तोडण्यासारखं आहे. तेवढं थांबा, खोल्या घेऊनही वर काही उरेल.

एक लहानसं काम आहे. कंपनीच्या गोदामाची दुरुस्ती निघाली असल्याने माल ज्याचा त्याच्याकडे जातो आहे. सहा खोकी वीस तारखेला तुमच्याकडे पोहोचतील, बहात्तर बाटल्या. आमच्याकडेच ठेवल्या असत्या, पण धाकटीला या योजनेबद्दल अजून सविस्तर सांगितलेलं नाही, आणि बाटल्या पाहून तिने सविस्तर विचारलं असतं.

बाटल्या आडव्याच ठेवायच्या, म्हणजे बूच आतून ओलं राहतं. अंधार हवा, गारवा हवा, धक्का लागता कामा नये. बाकी त्यांना काही लागत नाही.

तुमचा धाकटा दीर

२४ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं पीक आलं. टेम्पोवाल्याने भर चौकात, खालच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर, साऱ्या गिऱ्हाइकांच्या देखत ओरडून विचारलं, "दारूची खोकी मागवणाऱ्या बाई कुठल्या मजल्यावर?" एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, त्यात जेवढी प्रसिद्धी मिळाली नाही तेवढी तुम्ही एका दुपारी मिळवून दिलीत. झेरॉक्सवाला आता मला आदराने नमस्कार करतो. त्याने दोन खोकी स्वतः वर आणून दिली आणि जाताना म्हणाला, "काकू, काही कमीजास्त लागलं तर सांगा." कमी काय आणि जास्त काय, ते मी विचारलं नाही.

गारवा आणि अंधार घरात एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे माझा पलंग, खालच्या बाजूने. तुमचे दादा खोकल्याचं औषध घेतानासुद्धा बाटलीवर अल्कोहोल किती ते वाचून मग नको म्हणायचे. त्यांच्या पलंगाखाली आज बहात्तर बाटल्या आहेत. रात्री कूस बदलताना मी आधी तुमच्या गुंतवणुकीचा विचार करते. धक्का नको म्हणालात ना.

आडवं ठेवायचं मात्र मला जमलं नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ॲसिडची एक बाटली आडवी राहिली आणि मुख्याध्यापकांचे बूट गेले. तेव्हापासून माझ्या हाताखाली बाटली आडवी झोपलेली नाही. तुमच्याही सगळ्या उभ्या केल्या आहेत. पलंगाखाली मावेनात, म्हणून पलंगाच्या पायांखाली विटा दिल्या. आता मी झोपायला स्टुलावरून चढते.

वरची लेबलं परक्या भाषेत आहेत. मला वाचता येत नाहीत, आणि न वाचता येणारी बाटली घरात ठेवायची नाही ही माझी दुसरी सवय. म्हणून प्रत्येकीवर पांढरी चिठ्ठी चिकटवून माझ्या अक्षरात क्रमांक, खोकं आणि आल्याची तारीख लिहिली आहे. डिंक चांगला आहे, सुटायचा नाही.

तिसरी सवय म्हणजे आलेल्या मालातली एक बाटली उघडून तपासायची. ते रविवारी करीन, सवड आहे.

तुमची वहिनी

२८ फेब्रुवारी

वहिनी,

मायना लिहायला वेळ नाही. चिठ्ठ्या काढा. ओल्या फडक्याने नको, मूळ लेबल भिजेल. सगळ्या बाटल्या ताबडतोब आडव्या करा. आणि कृपा करून, हात जोडून सांगतो, एकही उघडू नका.

वहिनी, या धंद्याचं मर्म तुम्हाला कळलेलं नाही. ही बाटली उघडण्यासाठी नसतेच. मी विकणार, घेणारा ठेवणार, तो पुढच्याला विकणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. आत काय आहे ते बघितलं की बाटली संपली, भावही संपला. आज तीन वर्षं मी स्वतः आत डोकावलेलो नाही.

गिऱ्हाइकाशी बोलणं चालू आहे. तुमच्या खोल्या तुमच्याच होणार. फक्त हात आवरा.

तुमचा दीर

७ मार्च

भावजी,

तुमचं पत्र मंगळवारी पोहोचलं. प्रयोग आदल्या रविवारीच झाला होता.

बूच काढायला तासभर लागला. आपल्या घराण्याला या कामाची सवय नाही, आणि तसं यंत्र घरात असायचं कारण नाही. शेवटी झेरॉक्सवाला स्क्रू आणि पक्कड घेऊन वर आला. त्याच्या तत्परतेवरून वाटलं की तो आठवडाभर खिशात पक्कड घेऊन माझ्याच हाकेची वाट बघत होता.

आता नीट वाचा. काळ्या द्राक्षांच्या सालीचा रंग सोड्याला घाबरतो. खाण्याचा सोडा टाकला की तांबडा रंग पालटतो, निळसर-हिरवट होतो. आठवीच्या मुलांना हा प्रयोग मी दरवर्षी मांडून देत असे. खात्री म्हणून मी आधी बाजारातून पाव किलो काळी द्राक्षं आणली, सालं कुस्करली, पाण्यात घातली, सोडा टाकला. हिरवट झालं. मग तुमच्या बाटलीतलं पेलाभर घेतलं, सोडा टाकला. फेस आला, कारण आंबट आहे. रंग जागचा हलला नाही. पाव चमचा, अर्धा चमचा, तांबडं ते तांबडंच. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या खोक्यातलीही एकेक उघडली. तिन्हींवर तीन वेगळी लेबलं, तीन वेगळी वर्षं, आणि आत एकच वस्तू. भावजी, हा रंग द्राक्षाचा नाही. याने ओढण्या रंगवाव्यात.

झेरॉक्सवाल्याने मी नको म्हणत असताना घोटभर घेतलं. त्याचं मत असं की मशीनची शाई यापेक्षा बरी लागत असावी.

तुम्ही म्हणता, तीन वर्षं आत डोकावला नाहीत. खरं आहे. डोकावायला तुम्ही कधी घाबरला होतात, आणि कशाला घाबरला होतात, तेवढं मला कळवा. भरवशाच्या म्हशीला टोणगा, ही म्हण मी आजवर दुसऱ्यांसाठी वापरत आले.

तीस एप्रिलला चोपन्न दिवस उरले आहेत. मला झोप लागत नाही, आणि ती पलंग उंच झाला म्हणून नव्हे.

तुमची वहिनी

१६ मार्च

ती. वहिनींना नमस्कार.

तुमचा प्रयोग शाळेचा आहे, वाईन जगाची आहे. काही जाती सोड्याला दाद देत नसतील. पण वाद घालत नाही. समजा, नुसतं समजा, की तुम्ही म्हणता तसं आहे. तरी बिघडलं काय?

आनंदाची बातमी देतो. गिऱ्हाईक ठरलं. आमच्याच इमारतीत, आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर, निवृत्त नर्सबाई राहतात. एकट्याच असतात, शब्दाला पक्क्या. पैसे बँकेत पडून आहेत. सगळा माल त्या घेतात, आपण सांगू त्या भावाने. बारा एप्रिलला कागदावर सह्या, वीसपर्यंत तुमचे पैसे तुमच्या हातात, तीसच्या आधी खोल्या तुमच्या. त्या बाटली उघडणार नाहीत. त्याही घेत नाहीत, देवासारखी बाई आहे. पाचसात वर्षं ठेवतील, पुढे विकतील. मी त्यांनाही सांगितलं आहे, "अडलं तर मध्यरात्री माझ्याकडे या."

तुम्ही एवढंच करा. उघडलेल्या तिन्ही बाटल्यांत काहीतरी तांबडं भरून बुचं ठोकून टाका. आणि प्रयोगाबद्दल कोणाशी बोलू नका. आपलेच दात आणि आपलेच ओठ आहेत.

तुमचा दीर

२२ मार्च

भावजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. देवासारखी बाई, एकटी, निवृत्त, पैसे बँकेत पडलेले. तुम्हाला माणसं बरोबर सापडतात. मी उगाच तुम्हाला बावळट समजत होते.

नर्सबाईंचा पत्ता पाठवा. माल माझ्या घरात आहे तर त्याचं वर्णन माझ्याच अक्षरात गेलेलं बरं. प्रयोगशाळेतल्या बाईने लिहून दिलं म्हटलं की लोकांचा विश्वास बसतो.

बुचं मी बसवली आहेत.

तुमची वहिनी

२७ मार्च

ती. वहिनींना शि. सा. न.

जीव भांड्यात पडला. शेवटी तुम्हाला व्यवहार कळला. दादा असते तर त्यांना तुमचं कौतुक वाटलं असतं. ते फार सरळ होते, म्हणून तर दोन खोल्यांत गेले.

पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. वर्णन सुंदर लिहा. मळ्यांची नावं लेबलावरून जशीच्या तशी उतरवा आणि तुमचं एकतीस वर्षांचं शाळेचं काम अवश्य घाला. तुमचं नाव मी त्यांना आधीच दाखवलं आहे. पैसे देताना कंपनीच्या कागदावर तुम्ही न वाचता सही केली होतीत ना, ती पाहूनच त्या तयार झाल्या.

तुमचा दीर

१३ एप्रिल

आदरणीय बाई,

आपली ओळख नाही, पण तुमचं पत्र मी आठवडाभर पर्समध्ये घेऊन हिंडते आहे. असं वर्णन मी कुठल्या मालाचं वाचलं नव्हतं. "बाटल्या बहात्तर, काच उत्तम, लेबलं देखणी, आत रंगवलेलं आंबट पाणी. तीन मी स्वतः तपासल्या. बाकीच्या तपासायच्या असतील तर या, सोडा माझ्याकडे आहे."

काल सह्यांचा दिवस होता. मी नाही म्हणाले. कारण दिलं नाही, तुम्ही देऊ नका म्हणाला होतात. तुमचे दीर बराच वेळ जिन्याच्या पायरीवर बसून होते. मी पाणी दिलं. सवयीने नाडी पाहिली. नाडी ठीक होती.

एक बोलते, राग मानू नका. पहिल्यांदा ते आले तेव्हा म्हणाले होते, "वहिनीला खोली घ्यायची घाई आहे म्हणून इतक्या स्वस्तात मिळतंय." तेव्हा मी मनात म्हटलं होतं, कोणी बाई अडली आहे, चला, आपलं बरं झालं. चाळीस वर्षं मी अडलेल्या माणसांची कामं केली आणि म्हातारपणी हा विचार केला. त्याची लाज वाटते.

तुम्ही गप्प बसला असतात तर आज पैसे तुमच्या हातात असते आणि बाटल्या माझ्या पलंगाखाली. हे तुम्हाला कळत होतं, हे मलाही कळतं. आता तुमच्या खोल्यांचं काय?

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची नर्स

१८ एप्रिल

वहिनी,

काय केलंत हे? तुमचं वर्णन गेलं आणि नर्सबाईंनी सही नाकारली, एवढं जोडायला मला आलेख लागत नाही. माझ्यावर सूड उगवायचा होता तर माझ्यावर उगवायचा. स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेतलात? पैसे दारापर्यंत आले होते. तुमच्या खोल्या वाचत होत्या. कोण कुठली नर्सबाई, तिच्यासाठी स्वतःचं छप्पर घालवलंत.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून लिहितो. टायवाल्याचा फोन जानेवारीपासून बंद आहे. गोदामाची दुरुस्ती वगैरे काही नव्हती. पगार थकला म्हणून तिथल्या वॉचमनने खोकी रस्त्यावर काढून ठेवली होती. मी टेम्पो करून उचलली आणि तुमच्याकडे लावून दिली. आत नुसता रंग आहे, हे तुमचं पत्र येईपर्यंत मला खरंच ठाऊक नव्हतं. पत्र आल्यावर ठाऊक झालं. तरीही मी खाली दुसऱ्या मजल्यावर गेलो, आणि नर्सबाईंच्या हातचं पाणी प्यालो.

माझेही सगळे पैसे त्याच टायवाल्याकडे होते. तुमच्यापेक्षा जास्त. धाकटीला यातलं काही माहीत नाही. ती समजते की आमची मुदत ठेव आहे, आणि या वर्षी स्वयंपाकघर नवं करायचं म्हणून फरशा बघत फिरते. परवा तिने मला निळी आवडते की करडी, असं विचारलं. मी करडी म्हणालो.

नर्सबाई जिन्यात भेटतात आणि तब्येत विचारतात. ते सहन होत नाही.

खोल्यांचं काय करणार आहात?

तुमचा दीर

३ मे

भावजी,

खोल्यांचं काही करायचं उरलं नाही. तीस तारखेला किल्ल्या दिल्या. खोल्या झेरॉक्सवाल्याने घेतल्या, कागदाचे गठ्ठे ठेवायला. भला माणूस आहे, पंखा सोडून जा म्हणाला आणि त्याचे वेगळे पैसे दिले. त्या दिवशी मी रडले. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल वहिनीला असल्या प्रसंगात टोमणेच सुचतात. रिकाम्या खोलीत भिंतीला पाठ लावून अर्धा तास रडले. सव्वीस वर्षं होती ती जागा माझी.

कोण कुठली नर्सबाई, असं तुम्ही विचारलंत. तीन वर्षांपूर्वीची मी, भावजी. दुसरी कोण?

सूड म्हणालात. सूड घ्यायचा असता तर बाटल्या तुमच्या दारात आणून धाकटीच्या हातात सोड्याचा डबा दिला असता. तसं केलेलं नाही. तिला फक्त एवढंच लिहिलं की माझ्या खोल्या गेल्या, काही दिवस तुमच्याकडे येऊ का. तिचं उलट टपाली उत्तर आलं. काही दिवस कशाला, कायमच्या या, मागची खोली झाडून ठेवते. खोल्या कशा गेल्या, हे तिने पत्रात विचारलं नाही. समोर बसून विचारीन म्हणाली.

तेव्हा गुरुवारी सकाळच्या गाडीने मी येते आहे. टायवाल्याविरुद्धची तक्रार लिहून आणते. तीन बाटल्यांचे निकाल सोबत जोडले आहेत, त्याखाली सही मात्र तुमची लागेल, कारण त्याच्या समोर बसून आलेख तुम्ही पाहिले होतेत. पैसे परत येतील अशी आशा मला नाही, तुम्हीही ठेवू नका. पण तो टाय लावून आणखी कोणाच्या तरी वहिनीकडे जाऊ नये.

धाकटीला तुम्ही सांगायचं आहे, मी नाही. फरशांचंही आणि मुदत ठेवीचंही. बुधवार रात्रीपर्यंत तुमच्या हातात वेळ आहे. गुरुवारी जेवताना तिने मला विचारलं, "वहिनी, खोल्या कशा हो गेल्या?" तर मी सगळं खरं सांगेन, आणि मग ते तिला माझ्याकडून कळलं हे तुम्हाला जन्मभर पुरेल. तुम्ही स्वतः सांगितलंत तर ती चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, कदाचित दोन महिने. मी शेजारच्या खोलीत असेन, तुमच्याशी बोलायला कोणीतरी लागेलच.

राग माझा गेलेला नाही. तो बरोबर आणते आहे, पण घाबरू नका, आम्हा दोघांना एकच खोली पुरते.

तुमची वहिनी